इंटरनेट दूरध्वनी कंपनीचे अधिग्रहण : विदेश संचार निगमाच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात विलीनीकरण व अधिग्रहण हे प्रकरण शिकविताना लक्ष्य कंपनीचे आकर्षण मोजण्याच्या काही ठराविक कसोट्या सांगितल्या जातात. भावी रोख प्राप्तीचे आजचे मूल्य, मालमत्तेचा बाजारभाव, ग्राहकसंख्या, ख्यातीमूल्य आणि दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारी बचत या त्यांपैकी प्रमुख होत. साखर कारखान्याच्या बाबतीत या कसोट्या वापरताना फारशी अडचण येत नाही. गाळपक्षमता ठाऊक असते, कार्यक्षेत्रातील उसाचा अंदाज असतो, आणि साखरेचा भाव पडला तरी तो शून्यावर येत नाही. इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा माल मात्र असा आहे की, ज्या तंत्रामुळे तो स्वस्त होतो तेच तंत्र त्याला अखेरीस फुकट करून सोडते. जिचा माल फुकट होण्याच्या वाटेवर आहे अशी कंपनी कोणी का विकत घ्यावी, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाची चर्चा सहसा स्काइपपासून सुरू होते आणि अमेरिकेतच संपते. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणेही बहुधा तिकडचीच असतात. वस्तुतः या प्रश्नाचे अधिक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रात घडले. मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगम लिमिटेडची, म्हणजेच व्हीएसएनएलची, २००२ सालची विक्री आणि त्यानंतर याच कंपनीने परदेशांत केलेली खरेदी यांचा एकत्रित विचार मराठीत फारसा झालेला नाही. झाला तो निर्गुंतवणुकीच्या राजकीय वादापुरता. प्रस्तुत लेखात या व्यवहारांची चिकित्सा अधिग्रहणाच्या दृष्टीने केली आहे.

आर्वीचे भूकेंद्र आणि मिनिटाचा भाव

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर सोडल्यावर कळंब लागते आणि पुढे नारायणगाव. नारायणगावाजवळच्या आर्वी येथे देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभारले गेले. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. डॉ. विक्रम साराभाई त्यापूर्वी दोनच महिने आधी निवर्तले होते. त्यांचे नाव या केंद्रास देण्यात आले. (काही दिनविशेषांत ही आर्वी वर्ध्याजवळची म्हणून नोंदली गेली आहे. एका पुस्तकातील चूक दुसऱ्यात कशी उतरते याचा हा नमुना होय.) आर्वीपूर्वी भारतातून परदेशी बोलावयाचे तर लघुलहरींच्या रेडिओवर अवलंबून राहावे लागे. हवामान बिघडले की संभाषण तुटे. उपग्रहामुळे आवाज स्पष्ट झाला, पण स्वस्त झाला नाही, आणि तो स्वस्त का झाला नाही हे समजून घेतल्याखेरीज पुढील व्यवहारांचे मर्म कळणार नाही.

परदेशी संभाषणाचा भाव तारेच्या किंवा थाळीच्या खर्चावरून ठरत नसे. तो दोन देशांतील कंपन्यांच्या आपसांतील करारावरून ठरे. न्यू जर्सीहून जुन्नरला कोणी दूरध्वनी केला तर पैसे अमेरिकन कंपनी वसूल करी आणि भारतातील टोक सांभाळल्याबद्दल ठराविक हिस्सा व्हीएसएनएलला देई. उलट दिशेच्या संभाषणात व्हीएसएनएल देई. आखातात व अमेरिकेत गेलेली माणसे घरी जितका वेळ बोलत, तितका वेळ घरची माणसे त्यांच्याशी स्वखर्चाने बोलू शकत नसत. त्यामुळे हिशेबाची बाकी नेहमी भारताच्या बाजूने निघे. परकीय चलनाची ही आवक हाच व्हीएसएनएलच्या नफ्याचा मोठा आधार होता. १९९७ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ही देणी कमी करण्यासाठी मर्यादा घालून दिल्या. अल्प उत्पन्नाच्या देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट होती. तेव्हाच या उत्पन्नाला उतरती कळा लागणार हे स्पष्ट झाले होते.

इंटरनेट दूरध्वनीने यापुढची पायरी गाठली. नेहमीच्या दूरध्वनीत दोन माणसे बोलत असताना संपूर्ण मार्ग त्यांच्यासाठी राखून ठेवला जातो. ती गप्प असली तरीही. इंटरनेटवर आवाजाचे लहान लहान तुकडे केले जातात, ते ईमेलच्या किंवा छायाचित्राच्या तुकड्यांबरोबरच धावतात आणि पलीकडे पुन्हा जुळविले जातात. मार्ग राखून ठेवण्याची गरज नाही, त्यामुळे मिनिटाचा हिशेब ठेवण्याचे कारणही उरत नाही. दोन देशांतील कंपन्यांच्या कराराला वळसा घालून आवाज थेट दुसऱ्या देशात उतरतो आणि तेथून स्थानिक संभाषण म्हणून घरोघरी पोहोचतो. या वळशातील फरक हाच इंटरनेट दूरध्वनी कंपनीचा नफा. म्हणजे जुनी कंपनी महाग आहे तोवरच नवी कंपनी फायद्यात. महागाई संपली की नव्या कंपनीचा नफाही तिच्याबरोबर संपतो. तिच्या भावी रोख प्राप्तीचे मूल्य काढताना ही गोष्ट सूत्रात कोठे बसवावी, याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत सापडत नाही.

स्वस्त प्रतिस्पर्ध्याला महाग कंपनीने पोटात घेण्याची रीत तशी जुनी आहे आणि तिचा एक दाखला पुणे जिल्ह्यातलाच आहे. १९२७ साली खडकी येथे प्रक्षेपण आणि दौंड येथे ग्रहण अशी व्यवस्था करून इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू केली. समुद्राखालील तारांपेक्षा ती इतकी स्वस्त होती की तारा टाकणाऱ्या बलाढ्य कंपन्यांचे धाबे दणाणले. दोनच वर्षांत, १९२९ मध्ये, साम्राज्यातील तारा आणि बिनतारी सेवा एका कंपनीखाली आणण्यात आल्या, आणि १९३२ मध्ये भारतातही इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी अस्तित्वात आली. तारांचे भांडवल वाचविण्यासाठी बिनतारीला घरात घेतले गेले. हीच कंपनी १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली आणि १ एप्रिल १९८६ रोजी तिचे रूपांतर विदेश संचार निगमात झाले.

मनाईचा काळ

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ज्या कंपनीचे पोट परदेशी संभाषणावर होते, तिनेच त्या संभाषणाला गिळणारे साधन देशात आणले. धोका लक्षात येण्यास वेळ लागला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट दूरध्वनी पुरविणारी काही संकेतस्थळे व्हीएसएनएलच्या जाळ्यावर रोखून धरण्यात आली होती. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात तूर्त इंटरनेट दूरध्वनीस परवानगी देता येणार नाही असे नमूद केले गेले. परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही अर्धवट. संगणकावरून संगणकाशी बोलता येईल, संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलता येईल, परंतु संगणकावरून देशातील दूरध्वनीशी जोडून घेता येणार नाही.

या अर्धवट परवानगीचा परिणाम आजवरच्या लिखाणात पुरेसा नोंदविला गेलेला नाही. मंचरच्या सायबर कॅफेत बसून शिकागोतील मुलाच्या घरच्या दूरध्वनीवर बोलणे कायदेशीर ठरले. त्याच संगणकावरून कळंबच्या घरी बोलणे बेकायदेशीर राहिले. भारतातील इंटरनेट दूरध्वनी कंपनीला देशांतर्गत ग्राहक मिळण्याचा मार्गच बंद होता. तिच्याजवळ ना क्रमांक, ना वर्गणीदार. अशा कंपनीकडे कोणता खरेदीदार वळणार? परदेशांत इंटरनेट दूरध्वनी कंपन्यांची खरेदी-विक्री होत असता भारतात मोठा असा एकही व्यवहार का झाला नाही, याचे कारण तंत्राच्या अभावात किंवा उद्योजकांच्या भित्रेपणात शोधण्यात येते. ते कारण परवान्याच्या अटींत आहे. दुसरीकडे, २००३ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर ग्रामीण सेवेच्या तुटीपोटी जो आकार लावला गेला, त्याने चोरट्या एक्स्चेंजना ऊत आणला. इंटरनेटवरून आवाज आणून तो स्थानिक म्हणून उतरविणाऱ्या या एक्स्चेंजवर पोलिसांचे छापे पडत. तो आकार २००८ मध्ये रद्द झाला आणि त्याबरोबर चोरट्यांचा मोठा नफाही आटला.

२००२ ची विक्री

फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने व्हीएसएनएलचे २५ टक्के समभाग टाटा समूहाच्या पॅनाटोन फिनव्हेस्ट या कंपनीस विकले. भाव समभागामागे २०२ रुपये. एकूण रक्कम सुमारे १,४३९ कोटी रुपये. स्पर्धेत रिलायन्सचीही निविदा होती, ती कमी भावाची ठरली. त्यानंतर खुल्या देकाराद्वारे टाटांनी आणखी २० टक्के भाग त्याच भावाने घेतले. कंपनीचे एकूण समभाग साडेअठ्ठावीस कोटी होते, म्हणजे या भावाने संपूर्ण कंपनीचे मूल्य सुमारे ५,७५७ कोटी रुपये धरले गेले.

हा व्यवहार झाला त्याच्या दीड महिन्यानंतर, ३१ मार्च २००२ रोजी, व्हीएसएनएलची परदेशी संभाषणावरील मक्तेदारी संपुष्टात आली. मूळ आश्वासन ती २००४ पर्यंत राखण्याचे होते. दुसऱ्याच दिवशी इंटरनेट दूरध्वनी अंशतः कायदेशीर झाली. म्हणजे खरेदीदाराने ज्या व्यवसायाचे पैसे मोजले, त्यावर सात आठवड्यांच्या आत दोन्ही बाजूंनी घाला येणार होता आणि हे सर्वांना आधीच माहीत होते. तरीही दोन मातब्बर समूह निविदा घेऊन आले. ते मिनिटांसाठी आले नव्हते हे उघड आहे.

मग ते कशासाठी आले? या प्रश्नावर त्या काळी दोन टोकांची मते मांडली गेली. एका मते सरकारने सोन्याची कोंबडी कवडीमोलाने विकली. दुसऱ्या मते मक्तेदारी गेल्यानंतर कोंबडी अंडी देणारच नव्हती, तेव्हा मिळाले ते पुष्कळ झाले. दोन्ही मतांत एक समान गृहीत दडलेले आहे : कंपनीचे मूल्य म्हणजे तिच्या संभाषणांचे मूल्य. हे गृहीतच तपासून पाहावयास हवे.

विक्रीपूर्वीच्या वर्षभरात सरकारने कंपनीच्या तिजोरीतील रोकड लाभांशाच्या रूपाने काढून घेतली. २०००-०१ साठी समभागामागे ५० रुपये आणि जानेवारी २००२ मध्ये विशेष अंतरिम लाभांश म्हणून ७५ रुपये. दहा रुपये दर्शनी किमतीच्या समभागावर हा लाभांश अनुक्रमे ५०० आणि ७५० टक्के होतो. २०२ रुपयांच्या भावाला स्वस्त म्हणणाऱ्यांनी हे १२५ रुपये सहसा विचारात घेतलेले नाहीत. तसेच देशात चार ठिकाणी मिळून सुमारे ७७३ एकर जमीन अतिरिक्त ठरविण्यात आली आणि ती विक्रीतून वगळण्याचे कलम करारात आले. तीत सर्वांत मोठा तुकडा पुण्याजवळच्या दिघीचा, पाचशे एकरांहून अधिक. रोकड आणि जमीन अशा प्रकारे बाजूला काढल्यावर जे उरले, त्यात सागरी केबलमधील हिस्से, भूकेंद्रे, जगभरातील कंपन्यांशी असलेले करार, इंटरनेटचे ग्राहक आणि बीएसएनएल व एमटीएनएल यांची परदेशी वाहतूक बाजारभावाने दोन वर्षे मिळण्याची हमी यांचा समावेश होता. यांपैकी हमी तात्पुरती होती, इंटरनेटचे ग्राहक स्पर्धेत विखुरणारे होते. टिकाऊ असे उरले ते केबल आणि परदेशांत रुजलेले संबंध.

टाटांना हे कळले होते काय? सुरुवातीला तरी तसे दिसत नाही. २८ मे २००२ रोजी व्हीएसएनएलच्या संचालक मंडळाने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी रुपये गुंतविण्याचा निर्णय घेतला. कंपनी ताब्यात आल्यापासून चार महिनेही झाले नव्हते. तत्कालीन दळणवळणमंत्री प्रमोद महाजन यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. निर्गुंतवणूकमंत्री अरुण शौरी आणि त्यांच्यात त्यावरून मतभेद झाले. त्या वेळी हा वाद दोन मंत्र्यांतील चढाओढ म्हणून वृत्तपत्रांत रंगविला गेला. त्यातील आर्थिक मुद्दा मात्र खराच होता. अधिग्रहित कंपनीची रोकड समूहातील दुसऱ्या कंपनीकडे वळविणे म्हणजे तिला स्वतंत्र भवितव्य नाही असे मानणे होय. पुढे टाटा टेलिसर्व्हिसेसचा ग्राहक मोबाइल व्यवसाय ऑक्टोबर २०१७ मध्ये भारती एअरटेलला जवळजवळ विनामूल्य देण्याची घोषणा झाली, हे लक्षात घेता महाजनांचा आक्षेप काळाच्या कसोटीवर टिकला असे म्हणावे लागते. परंतु व्हीएसएनएलच्या अधिग्रहणाचे मूल्यमापन या एका निर्णयावरून करणे तितकेच चुकीचे ठरेल, कारण कंपनीने लवकरच वेगळी वाट धरली.

शत्रूचे घर

नोव्हेंबर २००४ मध्ये व्हीएसएनएलने टायको कंपनीचे जागतिक केबल जाळे १३ कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. साठ हजार किलोमीटरच्या आसपास लांबीचे हे जाळे उभारण्यास मूळ मालकाला अब्जावधी डॉलर खर्च आला होता. जुलै २००५ मध्ये टेलिग्लोब या मूळच्या कॅनेडियन कंपनीच्या खरेदीची घोषणा झाली. किंमत कर्जासह २३.९ कोटी डॉलर. फेब्रुवारी २००६ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला.

टेलिग्लोबचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. २००० साली बीसीई या कॅनडाच्या दूरसंचार समूहाने अब्जावधी डॉलर मोजून ती पूर्णपणे ताब्यात घेतली. दोन वर्षांत बीसीईने हात आखडता घेतला आणि २००२ मध्ये कंपनीला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले. २००३ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक संस्थेने तिचा गाभा मूळ किमतीच्या अगदी लहान अंशाने उचलला. आणि २००४ मध्ये टेलिग्लोबमध्ये आयटीएक्ससी ही अमेरिकन कंपनी विलीन झाली. १९९७ साली टॉम एव्हस्लिन यांनी न्यू जर्सीत स्थापन केलेली आयटीएक्ससी ही घाऊक इंटरनेट दूरध्वनीतील अग्रेसर कंपनी होती. देशोदेशींच्या स्थानिक भागीदारांमार्फत इंटरनेटवरून आलेला आवाज उतरविणे हाच तिचा धंदा. म्हणजेच व्हीएसएनएलसारख्या कंपन्यांच्या करारांना वळसा घालणे.

ज्या व्हीएसएनएलने सात-आठ वर्षांपूर्वी इंटरनेट दूरध्वनीची संकेतस्थळे रोखून धरली होती, तिच्याच ताब्यात २००६ साली इंटरनेट दूरध्वनीची एक आद्य कंपनी आली, आणि तीही टेलिग्लोबच्या पोटातून. आर्थिक वृत्तपत्रांनी या खरेदीचे वर्णन भारतीय कंपनीची जागतिक झेप असे केले. त्यात अतिशयोक्ती नाही, कारण आंतरराष्ट्रीय संभाषणाच्या घाऊक वाहतुकीत व्हीएसएनएल त्यानंतर जगातील आघाडीच्या कंपन्यांत गणली जाऊ लागली. परंतु झेपेपेक्षा अधिक महत्त्वाची बाब किमतीची आहे. केबलच्या भांडवलाचा भार टायकोच्या भागधारकांनी सोसला, टेलिग्लोबचा तोटा बीसीईने पचविला, आयटीएक्ससीचे प्रयोग तिच्या मूळ गुंतवणूकदारांच्या पैशावर झाले. व्हीएसएनएलने विकत घेतले ते या सर्वांनी आपापला तोटा लिहून टाकल्यानंतर. अशा खरेदीत मिनिटाचा भाव आणखी पडला तरी खरेदीदार बुडत नाही. उलट भाव पडून वाहतूक वाढली तर केबल भरते. खडकी-दौंडच्या काळात तारांच्या मालकाने बिनतारीला घरात घेतले ते भाव टिकविण्यासाठी. व्हीएसएनएलने इंटरनेट दूरध्वनीला घरात घेतले ते भाव टिकणार नाही हे मान्य करून. दोन्ही अधिग्रहणे वरवर सारखी दिसतात, त्यांमागील हिशेब मात्र उलटा आहे.

यावरून असे म्हणता येईल की इंटरनेट दूरध्वनी कंपनीच्या बाबतीत ‘ती आकर्षक आहे काय’ हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणाला आकर्षक आहे, आणि तिच्या भांडवलाचा तोटा आधी कोणी भरला आहे, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. व्हीएसएनएलची स्वतःची विक्री याच दृष्टीने पाहिली तर तिच्या भांडवलाचा पहिला भार भारतीय करदात्याने उचलला होता हे ध्यानात येते. आर्वीची थाळी आणि परदेशी केबलमधील हिस्से सार्वजनिक पैशातून आले. फरक इतकाच की टायकोच्या भागधारकांप्रमाणे करदात्याचे पैसे बुडाले नाहीत. मक्तेदारीच्या वर्षांत ते कित्येक पटींनी वसूल झाले, आणि उरलेली रोकड विक्रीपूर्वी लाभांशातून मिळाली.

स्काइप व इतर

टेलिग्लोबच्या घोषणेनंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, ईबेने स्काइप २६० कोटी डॉलरना घेतली. ठरलेली उद्दिष्टे गाठल्यास आणखी १५० कोटी डॉलरपर्यंत देण्याचेही मान्य केले. लिलावात बोली लावणारे विक्रेत्याशी थेट बोलतील व व्यवहार वाढतील, असा युक्तिवाद होता. ज्या बाजारात लोक अनोळखी राहूनच खरेदी करतात तेथे बोलण्याची हौस कोणाला असणार, हा साधा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारलेला दिसत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ईबेने खरेदीपोटी सुमारे १४० कोटी डॉलरचा बोजा खात्यावर घेतला. त्याहून गंभीर बाब २००९ मध्ये पुढे आली. स्काइपचे मूळ तंत्र तिच्या संस्थापकांच्या जोल्टिड या वेगळ्या कंपनीच्या मालकीचे होते, आणि ईबेकडे होता तो केवळ वापराचा परवाना. त्यावरून खटला उभा राहिला. तो मिटविताना संस्थापकांना कंपनीत हिस्सा द्यावा लागला. अधिग्रहणापूर्वीच्या तपासणीत मालमत्तेच्या यादीपेक्षा मालकीची कागदपत्रे आधी पाहावीत हे तत्त्व जमीन विकत घेणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. तो सातबारा पाहिल्याशिवाय विसार देत नाही.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने हीच कंपनी ८५० कोटी डॉलरना घेतली. त्याआधीच्या वर्षी स्काइपचे उत्पन्न सुमारे ८६ कोटी डॉलर होते आणि तोटा सत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे दहापट उत्पन्नाचा भाव, नफा नसताना. मायक्रोसॉफ्टने ग्राहक विकत घेतले, असे म्हटले जाते. परंतु फुकट बोलणारा ग्राहक उद्या दुसरीकडे फुकट बोलू लागतो, आणि तसेच झाले. मे २०२५ मध्ये स्काइप बंद करण्यात आली. ईबेला मात्र, शिल्लक ठेवलेल्या हिश्शामुळे, एकंदर व्यवहारात नफा झाला. धोरण फसले आणि गुंतवणूक फळली, असा हा विचित्र निकाल आहे. पाठ्यपुस्तके स्काइपला यश किंवा अपयश यांपैकी एका रकान्यात टाकतात. ती दोन्ही रकान्यांत बसते.

वोनेजचे उदाहरण थोडक्यात पुरे. मे २००६ मध्ये १७ डॉलर भावाने बाजारात आलेली ही घरगुती इंटरनेट दूरध्वनी कंपनी पुढे घरगुती ग्राहकांऐवजी उद्योगांना संदेश व संभाषणाच्या सेवा विकू लागली. एरिक्सनने ती २०२२ मध्ये ६२० कोटी डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी त्यातील जवळजवळ निम्मे मूल्य निर्लेखित केले. व्हीएसएनएलने, जी २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स म्हणून ओळखली जाते, त्याच प्रकारच्या सेवा देणारी कॅलेरा ही कंपनी २०२३ मध्ये सुमारे दहा कोटी डॉलर रोख देऊन घेतली, कर्ज वेगळे. दोन कंपन्यांचा आकार सारखा नव्हता हे मान्य, तरी पडत्या बाजारात वाट पाहण्याची जुनी सवय येथेही दिसते.

भारतातील चित्र या काळात बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने देशभरातील संभाषण फुकट केले. व्हॉट्सॲपवरून बोलणे २०१५ पासून शक्य झालेच होते. २०१८ मध्ये जेव्हा सरकारने इंटरनेट दूरध्वनीस देशातील क्रमांकांशी जोडण्याची मुभा स्पष्ट केली, तेव्हा वळसा घालण्यासारखा महाग मार्गच शिल्लक नव्हता. सोळा वर्षांपूर्वी मिळाली असती तर या मुभेतून कदाचित एखादी खरेदीयोग्य कंपनी घडली असती.

एकोणीस वर्षांचा हिशेब

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने टाटा कम्युनिकेशन्समधील आपला उरलेला २६.१२ टक्के हिस्सा विकला. त्यापैकी १० टक्के पुन्हा पॅनाटोननेच घेतला. किमान भाव समभागामागे १,१६१ रुपये होता आणि सरकारला एकूण सुमारे ८,८०० कोटी रुपये मिळाले. २०२ रुपयांना विकलेला समभाग १,१६१ ला गेला, म्हणजे २००२ ची विक्री फसवणूक होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हिशेब वेगळे सांगतो. एकोणीस वर्षांत पावणेसहा पट वाढ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेनऊ टक्के. मधल्या काळातील लाभांश धरले तर दर थोडा वाढेल. तरी राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवीच्या तुलनेत तो डोळे दिपविणारा नाही. शिवाय ही वाढ संभाषणातून झालेलीच नाही. कंपनीच्या उत्पन्नात संभाषणाचा वाटा वर्षागणिक घटत गेला आणि माहितीच्या वाहतुकीचा वाढत गेला. सरकारने आपला एक चतुर्थांश हिस्सा मागे ठेवला, हा २००२ च्या व्यवहारातील सर्वांत शहाणपणाचा भाग ठरला, आणि त्याचीच चर्चा त्या वेळी सर्वांत कमी झाली.

जमिनीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ लोंबकळत राहिला. वगळलेली ७७३ एकर जमीन ज्या कंपनीकडे द्यावयाची, ती हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया ही कंपनी २००५ मध्ये स्थापन झाली. जमीन प्रत्यक्ष तिच्याकडे गेली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि ऑक्टोबर २०२० पासून तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. त्यामुळे १,१६१ रुपयांच्या भावात दिघीचा एक गुंठाही नाही, आणि २००२ च्या २०२ रुपयांशी त्याची थेट तुलना करताना तो वेगळा धरावा लागतो.